हरकतींची खिडकी

१९६४ साली मुंबई महापालिकेने शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि रिवाजाप्रमाणे लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या. अशा वेळी जे अर्ज येतात ते कोणत्याही नगररचना कार्यालयातल्या कारकुनाला तोंडपाठ असतात: माझ्या प्लॉटवर बाग का दाखवली, माझ्या चाळीवरूनच रस्ता का नेला. त्या वेळी मात्र तिघांनी मिळून निराळंच काही लिहून दिलं. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंता. त्यांची हरकत एखाद्या प्लॉटबद्दल नव्हती, अख्ख्या नकाशाच्या दिशेबद्दल होती. मुंबई दक्षिणोत्तर लांबत चालली आहे. रोज सकाळी सगळी माणसं दक्षिणेला आणि संध्याकाळी सगळी उत्तरेला लोटली जातात. हे थांबवायचं तर बंदरापलीकडे, पूर्वेला, नवं शहर उभं करा आणि कामधंदाही तिकडे न्या, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६५ मध्ये मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ नियतकालिकाने ही कल्पना छापली. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको ही शासकीय संस्था स्थापन झाली. आज लाखो लोक ज्या शहरात राहतात ते नवी मुंबई शहर अशा रीतीने एका सूचनेतून निघालं.

मुंबई महानगर प्रदेशात वाहतुकीच्या नियोजनात लोकांचा सहभाग किती, हा प्रश्न निघाला की मला ही गोष्ट आधी आठवते आणि लगेच तिची दुसरी बाजूही. सूचना देणारे तिघे शिकलेले, ओळखीपाळखीचे, इंग्रजीत टिपण लिहू शकणारे होते. ज्या ९५ गावांच्या जमिनीवर ते शहर उभं राहणार होतं, त्या आगरी-कोळी गावांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी आपली हरकत नोंदवली ती रस्त्यावर. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन झालं, जानेवारी १९८४ मध्ये दास्तान आणि जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. पुढे जी साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली आणि सगळ्या राज्यात ज्या ‘साडेबारा टक्क्यां’चं नाव झालं, तिचं मूळ त्या गोळीबारात आहे. एका हरकतीसाठी टपालाचं तिकीट पुरलं, दुसरीसाठी पाच माणसं गेली. आणि मंत्रालय काही खाडीपलीकडे गेलं नाही. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल गेली, तिच्या खर्चाचा दोन तृतीयांश भाग सिडकोने उचलला, आणि पुढे कित्येक वर्षं ती लोकल सकाळी नव्या शहरातून जुन्या शहरातच माणसं वाहत राहिली.

आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क आज येतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधून. या कायद्याचा जीव जमिनीच्या वापरात आहे. कुठे निवासी, कुठे हरित, कुठे आरक्षण. म्हणून त्याच्या सुनावणीला जाणारा माणूस सर्व्हे नंबर घेऊन जातो. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला बोलायला जागा आहे. पण जो बदलापूरहून सहा-पन्नासची गाडी पकडतो, त्याचा सर्व्हे नंबर कोणता? त्याची मालमत्ता म्हणजे खिशातला पास. लोकलच्या नव्या मार्गाला, मेट्रोच्या आखणीला, उड्डाणपुलाला, बसचा मार्ग बंद करण्याला प्रवाशाने हरकत घ्यावी अशी खिडकीच या कायद्यात नाही. पर्यावरण-परिणामाच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणी आहे, पण रेल्वे आणि मेट्रो त्या यादीतच नाहीत. थोडक्यात, आपल्या नियोजनाला जमीनधारक ओळखीचा आहे, प्रवासी नाही. गेल्या साठ वर्षांत या प्रदेशात वाहतुकीवरून जे जे झगडे झाले, ते बहुतेक या एका फटीतून बाहेर आलेले आहेत, असं माझं मत झालं आहे.

प्रवाशाला विचारतच नाहीत असंही नाही. सर्वेक्षणं होतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला आणि द्रुतगती मार्गांचा सल्ला दिला. बेटाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांची जी स्वप्नं आज किनारी मार्गाच्या रूपात उतरली आहेत, त्यांचा धागा तिथपर्यंत जातो. २००५ ते २००८ या काळात महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, सर्वंकष वाहतूक अभ्यास करवून घेतला. घरोघरी जाऊन माणसं कुठून कुठे, कशाने, किती वेळात जातात हे विचारलं. त्यातून निघालेली सगळ्यात मोठी गोष्ट अशी की या प्रदेशातल्या जवळपास निम्म्या फेऱ्या पायी होतात, आणि उरलेल्यांत सर्वांत मोठा वाटा लोकलचा, त्याखालोखाल बसचा. खासगी मोटारीचा वाटा किरकोळ. हे छापील अहवालात आहे. त्याच काळात पायी चालणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं? स्कायवॉक. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला झाला, मग स्टेशनांबाहेर अशा तीसेक लांबलचक लोखंडी पट्ट्या उभ्या राहिल्या. वांद्र्याचा भरलेला असायचा. बाकीचे कित्येक रिकामे, कारण ज्याला शंभर पावलांवरची रिक्षा धरायची आहे तो दोन मजले चढून पुन्हा उतरत नाही. कोणत्याही स्टेशनाबाहेरच्या भाजीवालीला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

सर्वेक्षणाचा कागद ‘कुठून’ आणि ‘कुठे’ विचारतो. प्रवाशाचं ज्ञान त्या दोन रकान्यांच्या मधे असतं. ‘रिटर्न’ घ्या. डोंबिवलीकर सकाळी मुंबईला जायचं म्हणून आधी उलट दिशेने कल्याणला जातो, तीच गाडी फिरून येताना बसायला जागा मिळते म्हणून. संध्याकाळी हेच उलट. नकाशावर हा प्रवास मूर्खपणाचा दिसेल. अर्धा तास जास्त देऊन माणूस दीड तास बसणं विकत घेतो. चौथी सीट, दरवाज्यातला कोपरा, कोणत्या डब्यातून उतरलं की नेमका पुलाचा जिना समोर येतो, दिव्याला उतरायचं असेल तर कोणत्या गाडीत चढूच नये: हे सगळं शास्त्र तोंडी आहे. रेल्वेकडे या गर्दीसाठी एक शब्दप्रयोग आहे, सुपर डेन्स क्रश लोड, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. संज्ञा तयार झाली की आणीबाणी संपते, असा आपल्या कचेऱ्यांचा अनुभव आहे.

लोकांचं ज्ञान आराखड्यात शिरलं असं एक मोठं उदाहरण या प्रदेशात आहे, आणि तेही सगळ्यात दुर्लक्षित लोकांचं. जागतिक बँकेच्या कर्जातून उभा राहिलेला मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प, एमयूटीपी, २००२ मध्ये मंजूर झाला. रुळांची पाचवी-सहावी जोडी टाकायची, गाड्या वाढवायच्या. अडचण अशी की रुळांच्या अगदी कडेला, काही ठिकाणी हात लांबवला तर डबा लागेल इतक्या जवळ, हजारो झोपड्या होत्या. त्यामुळे गाड्यांना तिथे वेग कमी करावा लागे. अधिकृत पातळीवर हे ‘अतिक्रमण’ होतं आणि अतिक्रमणाला पत्ता नसतो. स्पार्क, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि महिला मिलन यांच्या आघाडीने १९८०च्या दशकाच्या शेवटापासून रुळांकडेच्या वस्त्यांची मोजणी सुरू केली होती. वस्तीतल्या बायकाच वही घेऊन घरं मोजत, नंबर टाकत, नकाशा काढत. २००० च्या सुरुवातीला रेल्वेने अचानक दोन हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या तेव्हा हीच यादी उपयोगी पडली. पुनर्वसन झाल्याशिवाय पाडापाडी नाही, हे तत्त्व मान्य झालं आणि सुमारे वीस हजार कुटुंबं रूळ आणि रस्त्यांच्या कडेवरून हलली. या देशात नागरी पायाभूत प्रकल्पात एवढ्या प्रमाणावर असं पूर्वी झालेलं नव्हतं.

ही कहाणी परिषदांमधून फार सांगितली गेली, म्हणून तिची उरलेली अर्धी बाजूही सांगितली पाहिजे. याच प्रकल्पात सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता होता. त्या रस्त्यावरच्या दुकानदारांचं म्हणणं होतं की आम्हाला झोपडीवाल्यांच्याच मापाने मोजलं. आमच्या गाळ्याचं क्षेत्रफळ, आमचं गिऱ्हाईक, याचा हिशेबच नाही. राज्य सरकार ऐकेना, तेव्हा २००४ मध्ये त्यांनी थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. मंडळाने ती उचलून धरली आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने रोखले. कुर्ल्याच्या दुकानदाराची हरकत मंत्रालयात पोचली ती वॉशिंग्टनमार्गे. रस्ता २०१४ मध्ये खुला झाला. आणि जी कुटुंबं हलली, त्यांतली बरीच मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत गेली. इमारतीला इमारत चिकटलेली, उजेड कमी, आणि धुणीभांडी किंवा नाक्यावरचं काम जिथे होतं तिथून बसचे दोन मार्ग दूर. मोजणी करताना घरं मोजली. कामाची वाट मोजली गेली नाही. वाहतूक सुधारण्यासाठी हलवलेल्या माणसांचाच प्रवास लांबला, यावर त्या काळातल्या कागदांत फारसा विचार दिसत नाही.

रेल्वेच्या बाबतीत प्रवाशांची हरकत रुळांवर उतरूनच नोंदवली जाते, हे तर आता दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं आहे. २ जानेवारी २०१५ ला दिव्यात उद्रेक झाला, रूळ अडले, गाड्यांवर दगड पडले, मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प झाली. दिवा हे गाव पंधरा-वीस वर्षांत शहर झालं होतं. स्वस्त घरं, कोकणातून आणि उत्तर भारतातून आलेली माणसं, आणि जलद गाड्या समोरून न थांबता जाणाऱ्या. डिसेंबर २०१६ पासून तिथे जलद लोकल थांबू लागल्या. प्रवासी संघटना तीच मागणी आधीची कित्येक वर्षं निवेदनं देऊन करत होत्या. दगडाने निवेदनापेक्षा लवकर काम केलं हे कबूल करणं क्लेशकारक आहे, पण तारखा तेच सांगतात.

ऑगस्ट २०२२ मधला प्रसंग याहून बोलका आहे, कारण त्यात दगड नव्हता आणि मागणी ‘सुधारणा नको’ अशी होती. मध्य रेल्वेने १९ ऑगस्टपासून मुख्य मार्गावर वातानुकूलित लोकलच्या आणखी दहा फेऱ्या सुरू केल्या. फेऱ्या वाढल्या नव्हत्या. साध्या गाड्यांच्या जागी एसी गाड्या आल्या होत्या. कळव्याच्या कारशेडमधून सकाळी निघणाऱ्या एका साध्या गाडीत कळवेकर शेडजवळच चढत, कारण कळवा स्टेशनात गाडी येईपर्यंत ती भरलेली असते. नियमाला धरून नाही, पण वर्षानुवर्षांची वहिवाट. ती गाडी एसी झाली, दारं मिटली. लोक रुळांवर उतरले, मग बदलापूरला आंदोलन झालं, आणि २५ ऑगस्टपासून त्या दहाही फेऱ्या मागे घेण्यात आल्या. आठवडाभरात. ज्या वेळापत्रकाच्या बैठकीत हा निर्णय झाला तिथे कळव्याचा एक जरी पासधारक असता, तर त्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं की ही गाडी सोडून दुसरी घ्या. रेल्वेकडे प्रवासी सल्लागार समित्या आहेत, नाही असं नाही. त्यांवरची माणसं कशी नेमली जातात आणि समितीचं मत कोणावर बंधनकारक असतं, हे विचारलं की चहा येतो.

एल्फिन्स्टन रोड स्टेशनाचा पादचारी पूल हा या फटीचा सर्वांत भयंकर दाखला. परळ-लोअर परळच्या गिरण्या बंद पडल्या, १९९१ च्या आणि मग २००१ च्या विकास नियंत्रण नियमांनी त्या जमिनींवर कचेऱ्या आणि मनोरे उभे राहू दिले. जमिनीच्या वापराचा बदल झाला, त्यावर हरकती झाल्या, खटले झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण ज्या स्टेशनांवर गिरणीच्या तीन पाळ्या विभागून उतरत होत्या, त्याच स्टेशनांवर आता दहाच्या ठोक्याला सगळी कॉर्पोरेट मुंबई उतरणार, तेव्हा जिन्यांची रुंदी किती लागेल, हा प्रश्न नगररचनेच्या टेबलावर नव्हता आणि रेल्वेच्या टेबलावर पोचला तो उशिरा. प्रवासी पुलाबद्दल ओरडत होते, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, लोक जिन्यावर आडोशाला थांबले, मागून गर्दी येत राहिली. २३ माणसं चेंगरून गेली. मग लष्कराला बोलावलं आणि पाच महिन्यांत पूल झाला.

आरेबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी थोडक्यात आटपतो. भुयारी मेट्रो तीनच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली, त्याच रात्री म्हणजे ४ ऑक्टोबर २०१९ ला करवती सुरू झाल्या, आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. मग स्थगिती, मग कांजूरमार्ग, मग त्यालाही न्यायालयाची स्थगिती, मग २०२२ मध्ये पुन्हा आरे. मेट्रो ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने धावली आणि वर्षभराने कफ परेडपर्यंत पोचली. दोन्ही बाजूंना एकमेकांचं ऐकायचं नव्हतं असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. एका बाजूकडे ऐकण्याची यंत्रणा चालवण्याची जबाबदारी होती, दुसरीकडे नव्हती. याच मेट्रोच्या दक्षिण टोकाला गिरगाव-काळबादेवीच्या चाळकऱ्यांनी २०१५ मध्ये ठाम विरोध केला, तेव्हा त्यांचं पुनर्वसन त्याच जागी करायचं ठरलं. गिरगावात मतं होती, वर्तमानपत्रं होती, सगळ्या पक्षांची कार्यालयं होती. आरेतल्या आदिवासी पाड्यांकडे यातलं काय होतं?

वरळी कोळीवाड्याची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात विवाद एका आकड्यावर आला होता. किनारी मार्ग वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडताना क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी खांब येणार होते. दोन खांबांमधलं अंतर आराखड्यात ६० मीटर. अभियंत्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटलेला: छोट्या होड्या ६० मीटरमधून सहज जातात. कोळी म्हणाले, जातात, शांत पाण्यात. पावसाळ्याच्या तोंडाला वारा आडवा असतो, खडक आहेत, भरतीला ओढ असते, आणि परतताना दोन होड्या समोरासमोर येतात; होडी काही रुळावरून जात नाही. त्यांनी २०० मीटर मागितले, मग १६० वर आले. महापालिका ६० ला चिकटून राहिली. कोळ्यांनी समुद्रात होड्या आडव्या लावून त्या टोकाचं काम बंद पाडलं, वर्षाहून जास्त. उच्च न्यायालयाने या मार्गाची सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) परवानगी जुलै २०१९ मध्ये रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षअखेर तो निकाल स्थगित केला होता, म्हणजे कायद्याची वाट तर बंदच झाली होती. शेवटी २०२२ च्या अखेरीस तडजोड झाली: एक खांब वगळायचा, अंतर १२० मीटर. त्यासाठी नकाशा बदलला, धनुष्याकृती कमानीचे पोलादी सांगाडे करावे लागले. त्यांतला पहिला, १३६ मीटर लांबीचा आणि दोन हजार टनांच्या आसपास वजनाचा, एप्रिल २०२४ मध्ये माझगावच्या गोदीतून बार्जवर चढवून समुद्रमार्गे आणला आणि पहाटे भरतीची वेळ साधून जागेवर बसवला. गंमत बघा: ज्या भरती-ओहोटीबद्दल कोळी बोलत होते, तिच्याच पंचांगावर अभियंत्यांना शेवटी आपला सांगाडा बसवावा लागला. आराखड्याच्या आधी कोळीवाड्यात दोन बैठका घेतल्या असत्या तर खर्च किती वाचला असता, याचा हिशेब कोणी केलेला नाही.

त्या किनारी मार्गावर दुचाकीला बंदी आहे. जवळपास निम्म्या फेऱ्या पायी होतात असं अहवालात छापणाऱ्या प्रदेशात गेल्या दशकातला सगळ्यात दिमाखदार रस्ता मोटारींसाठी झाला.

यंत्रणा कागदावर नाहीत असं कोणी म्हणू नये. उलट कागदावर फार आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिचे दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या नगरसेवकांमधून आणि पंचायतींच्या अध्यक्षांमधून यायचे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने ‘वाहनं नव्हे, माणसं हलवा’ असं सांगितलं. २००८ मध्ये सगळ्या वाहतूक संस्थांना एकत्र आणणारं एकीकृत प्राधिकरण शासन निर्णयाने काढलं, पण कायद्याचं बळ न देता. क्षेत्रसभांची तरतूद महापालिका कायद्यात झाली, क्षेत्रसभा मात्र वस्तीत कोणाला दिसल्या नाहीत. रेल्वे दिल्लीला उत्तर देते, बेस्ट महापालिकेला, एमएमआरडीए मुख्यमंत्र्यांना, एसटी परिवहन खात्याला. नऊ महापालिका आपापल्या हद्दीत. कल्याणहून ठाण्यामार्गे अंधेरीला जाणाऱ्या बाईचा एक प्रवास असतो, त्याचे मालक पाच असतात.

आणि जे निवडून आलेलं असायला हवं होतं, तेही काही वर्षं नव्हतं. कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, वसई-विरार यांच्या मुदती २०२० मध्ये संपल्या, मुंबईची मार्च २०२२ मध्ये. निवडणुका झाल्या जानेवारी २०२६ मध्ये. या मधल्या काळात, प्रदेशाच्या इतिहासातला सर्वाधिक पैसा रस्ते, बोगदे आणि मेट्रोवर ओतला जात असताना, प्रभागातल्या माणसाने जाब विचारायला जायचं ते प्रशासकाच्या दाराशी. नगरसेवक काही संत नव्हते. पण रस्त्याच्या खोदकामावरून रात्री अकरा वाजता शिव्या घालायला एक जिवंत माणूस होता.

भाषेचा मुद्दा छोटा वाटतो, तो छोटा नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा इतक्या चुकांसह आला की मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला. अस्तित्वात असलेल्या इमारतींवरून रस्ते आखलेले होते. हजारो हरकतींनी आराखडा परत पाठवता येतो हे त्या वर्षी दिसलं, आणि ते लोकसहभागाचं यश होतं. पुढच्याच वर्षी प्रादेशिक आराखड्याचा मसुदा आला, २०३६ पर्यंतचा, इंग्रजीत. वसईतल्या शेतकऱ्यांना, मच्छीमारांना, वाडवळ आणि ख्रिस्ती बागायतदारांना आपल्या हिरव्या पट्ट्याचं काय होणार हे कळायला हवं होतं. त्यांनी आधी मागणी केली ती मराठी प्रतीची. गावोगाव सभा झाल्या, मुदत वाढवावी लागली. तो आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाला. ‘मल्टिमोडल कॉरिडॉर’ला मराठी प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा ‘विरार ते अलिबाग रस्ता, तुमच्या वाडीतून शंभर मीटर रुंद’ असं लिहिलं असतं तर सुनावणीला गर्दी दुप्पट झाली असती. ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक असावं.

बसचं तर मरणही गाजत नाही. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपये केलं तेव्हा माणसं बसकडे परत आली. गाड्या मात्र कमी होत गेल्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वी चार हजारांच्या वर असलेला ताफा तीन हजारांच्या खाली आला. मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं. मार्ग तोडला, फेऱ्या कमी केल्या, थांबा हलवला, यासाठी हरकती मागवल्याचं ऐकिवात नाही. मेट्रो तीनवर सदतीस हजार कोटी खर्च झाले. त्याविरुद्ध आणि बाजूने दोन्हीकडे मोर्चे निघाले. पण एखाद्या वसाहतीतला शेवटचा बस मार्ग बंद झाला की तिथली घरकाम करणारी बाई मोर्चा काढत नाही. ती अर्धा तास आधी उठते. ‘आमची मुंबई, आमची बेस्ट’ सारखे काही नागरिक गट हे आकडे मांडत राहतात, थांब्यांवर जाऊन गाड्या मोजतात. महिला मिलनच्या वहीची ही पुढची पानं म्हणायला हरकत नाही.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. काही जण गेले. दिवा-मुंब्रा-कळवा हा तोच पट्टा. रेल्वे मंडळाने त्याच दिवशी जाहीर केलं की यापुढच्या साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारं असतील. संध्याकाळी बातम्यांमध्ये प्रवासी बोलत होते: दारं मिटली तर आत श्वास कसा घ्यायचा, आणि जी माणसं दारात उभी असतात ती मग कुठे उभी राहणार? त्याच दिवशी खुलासाही आला की दारांना झडपा असतील, छतावरून हवा येईल, डबे एकमेकांना जोडलेले असतील म्हणजे गर्दी सरकेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. दुसऱ्याचं नव्हतं.